रत्नप्रभा वन्संनी काढलेली पेशी

माझ्या नणंदेबद्दल बोलायला बसले की मी तिचं चांगलं आधी सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, कुंदाला काय, नणंदेवर राग काढायला निमित्तच पाहिजे. तर चांगलं आधी.

रत्नप्रभा धुरी, आमच्या ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. सासरे गिरणीत साचेवाले होते, मागावर कापड विणायचे. गिरणी बंद पडली आणि सगळं आवरून गावी परत जायची भाषा सुरू झाली, तेव्हा वन्सं नुकत्या बी.एड. होऊन मालाडच्या एका मराठी शाळेत लागल्या होत्या. त्यांनी वडिलांना गावी जाऊ दिलं नाही आणि धाकट्या भावाचं कॉलेज सुटू दिलं नाही. स्वतःचं लग्न त्यापायी लांबवलं. हे मी कधी नाकारलेलं नाही आणि नाकारणारही नाही. आमचे हे तर बहिणीचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसायचे. ते आता नाहीत. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर पुढचं सगळं त्यांना डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

शाळेत वन्सं विज्ञान शिकवायच्या, आणि शिकवायच्या झकास. त्यांची पेशी अख्ख्या मालाडात प्रसिद्ध होती. दरवर्षी विज्ञान दिनाला शाळेच्या दारात त्या रांगोळीची भलीमोठी पेशी काढायच्या. पोरं भोवती कोंडाळं करून बसायची आणि बाई एकेक रंग भरत धडा घ्यायच्या. बाहेरची रेघ म्हणजे पेशीपटल, आत काय घ्यायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं ते बघणारं. आतला पातळ पिवळा रंग म्हणजे पेशीद्रव्य. त्यात केंद्रक, सगळ्या पेशीने कसं चालायचं त्याच्या सूचना त्यात. केंद्रकाला लागून वळ्यावळ्यांची आंतर्द्रव्यजालिका, तिच्यावर रायबोझोमचे ठिपके. त्या ठिपक्यांवर सूचनांप्रमाणे प्रथिनं तयार होतात. ती प्रथिनं नीट बांधून जागच्या जागी धाडणारं गॉल्गी संकुल. कचरा पचवून टाकणाऱ्या लयकारिका. आणि सगळ्यात शेवटी लाल रंगाच्या, शेंगदाण्याच्या आकाराच्या तंतुकणिका, ज्या खाल्लेल्या अन्नातून पेशीला ऊर्जा काढून देतात. माझी अक्षता लहानपणी ती रांगोळी बघायला हट्टाने मुलुंडहून मालाडला जायची. आत्या म्हणजे तिचं दैवत.

त्याच आत्याने तिला सून करून नेली. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क धरतात. हल्ली शहरात कोण एवढं पाळत नाही, पण वन्संनी धरला. त्यांच्या राजेशला स्थळं येत होती, चांगली शिकलेल्या मुलींची. वन्सं म्हणाल्या, परक्याची पोर आणायची, त्यांच्यात कसले आजार आहेत, कुणाला काय झालं होतं, ते आपण कुठे शोधत बसणार? आपल्या घरातली मुलगी, ओळखीचं रक्त. मी ह्यांना म्हटलं, अहो, ही बाई दहावीला आनुवंशिकता शिकवते, हिला एवढ्या जवळच्या नात्यातलं लग्न चालतं कसं? हे म्हणाले, ताईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. झालं, विषय संपला. आणि पोरांना एकमेकं आवडत होती, तेही खरं. मग मी कशाला मोडता घालू?

अक्षताला गंधाली झाली तेव्हा चारकोपच्या आपल्या घरात वन्संनी बारसं असं केलं की बिल्डिंगमधली माणसं अजून नाव काढतात. पोरगी जरा उशिरा चालायला लागली, पण लागली. हात धरून गॅलरीपर्यंत जायची, कबुतरांना हाका मारायची. मग एकदा ताप आला. साधाच, पोरांना येतो तसा. ताप उतरला आणि पोरगी पायांवर उभीच राहीना. बसवलं की बसायची, सोडलं की कलंडायची. दोन घास खाल्ले की दमून मान टाकायची, पापण्या ओघळायच्या. पण समज मात्र सगळी शाबूत. कोण काय बोलतंय, कुणाचा चेहरा कसा झालाय, सगळं टिपायची.

कांदिवलीच्या तिच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला, रक्त तपासलं, आणि सांगितलं की हा तंतुकणिकांचा आजार वाटतोय. पेशीला ऊर्जा पुरत नाही, आणि मेंदूला, स्नायूंना ती सगळ्यात जास्त लागते, म्हणून तिथे आधी दिसतं. नक्की काय ते जनुकांची तपासणी केल्यावर कळेल. अंधेरीला एक त्यातल्या तज्ज्ञ डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे जा. पण त्यांची वेळ मिळाली ती गणपतीनंतरची.

मधल्या त्या दिवसांत वन्संनी आपला निकाल लावून टाकला.

गणपतीला सगळं गणगोत चारकोपला जमतं. आरती झाली, पानं वाढायची होती. वन्संच्या जाऊबाई, शर्मिष्ठा, त्यांनी सहज विचारलं की पोरीला नक्की झालंय तरी काय? विचारणं साहजिक होतं. आणि आमच्या बाईंच्या अंगात शाळा संचारली. मखरासमोर रांगोळीचे डबे पडलेले होते, ते ओढले आणि बसल्या की फरशीवर पेशी काढायला. तशीच, शाळेतली. बायका कौतुकाने वाकून बघायला लागल्या. मी आतून मोदकांचं ताट घेऊन येत होते, तीही दारातच थांबले. म्हटलं, बरं आहे, लोकांना नीट समजेल तरी.

सगळे रंग भरून झाल्यावर वन्संनी लाल शेंगदाण्यांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, मूल होतं तेव्हा बापाकडून येतं ते जवळजवळ केंद्रकातलंच, आणि तेही अर्धं. बाकीची सगळी पेशी आईची. ह्या तंतुकणिका तर फक्त आईच्या. आईला तिच्या आईच्या, तिला तिच्या आईच्या. बापाचा संबंधच येत नाही. मग मान वर करून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "तेव्हा हे आमच्या धुऱ्यांचं नाही आणि माझ्या माहेरचंही नाही. हे घाटकोपरहून आलंय."

घाटकोपर म्हणजे माझं माहेर.

काय सांगू तुम्हाला, तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या हातात मोदकांचं ताट. माझी आई ऐंशी ओलांडली तरी भाजीची पिशवी घेऊन जिने चढते. माझ्या दोन बहिणी धडधाकट, त्यांची पोरं धडधाकट, एकाला कधी सलाईन लागलं नाही. मी तसं म्हटलंही. वन्सं म्हणाल्या, असतं कधी कधी लपलेलं, कुंदा, तुला नाही कळायचं ते. किती नेमकं जमवलं होतं बघा. ह्या एका वाक्यात त्यांचा मुलगा सुटला, त्यांचा भाऊ सुटला, त्यांचं माहेर सुटलं, सासर सुटलं. उरले कोण? मी आणि माझी पोर. माझ्याशी त्यांचं लग्नापासून फार कधी जमलं नाही, ते सगळं उट्टं त्या शेंगदाण्यांवर काढलं.

अक्षता गंधालीला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. पोरीला लाल रंग आवडला असावा, ती रांगोळीकडे हात न्यायला बघत होती, पण हात मध्येच खाली पडत होता. मी राजेशकडे बघितलं. एवढा मोठा इंजिनीअर, मालाडच्या ऑफिसात पंधरा माणसं हाताखाली, तो समईची वात सारखी करत होता. अरे, वात कसली सारखी करतोस? तुझ्या बायकोला पंचवीस माणसांत उभं केलंय.

विसर्जन झालं आणि वन्संनी अक्षताला सांगितलं की थोडे दिवस आईकडे जा, इथे पोरीची ओढाताण होते. थोडे दिवस म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. अक्षता बॅग घेऊन मुलुंडला आली. मग हळूहळू कानावर यायला लागलं. वन्सं नातेवाइकांत बोलत होत्या की राजेशचं अजून सगळं आयुष्य आहे, दुसरं मूलसुद्धा हिच्याच तंतुकणिकांवर येणार ना, मग त्याने काय करायचं? एकीला तर त्यांनी चक्क विचारलं की तुमच्या ओळखीत कुणी आहे का, मुलगी घटस्फोटित असली तरी चालेल.

राजेश रविवारी यायचा. गंधालीजवळ बसायचा, तिच्या पायांना व्यायाम द्यायचा, ते मी बघितलंय. पण बायकोशी बोलायला तोंड उघडायचा नाही. एकदा मीच विचारलं, की बाबा रे, तुझ्या आईने हे जे चालवलंय त्यावर तुझं मत काय? तर म्हणतो, "मामी, आई म्हणते ते विज्ञान आहे ना. मी त्यात काय बोलणार?" विज्ञान. बायकोला घराबाहेर काढायचं त्याला विज्ञान म्हणायचं. मला त्या मुलाला हाताला धरून जिन्यावरून खाली नेऊन सोडावंसं वाटलं. अक्षताने डोळ्यांनी दटावलं म्हणून गप्प बसले.

रात्री-अपरात्री अक्षता मोबाईलवर काय काय वाचत असायची. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं, की आपल्या पोरीला आपण हे दिलं का. मी सांगायचे, अगं, नाही. पण मी कोण सांगणार? मी वॉर्ड ऑफिसात कारकुनी केलेली बाई. तिच्या आत्याने सांगितलं होतं, आणि आत्याचं विज्ञान कधी चुकलं नव्हतं.

मग अंधेरीची वेळ आली. वन्सं न बोलावता आल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत. वन्संनी त्यांनाही पेशी शिकवायला घेतली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही सांगता ते चूक नाही, पण अर्धं आहे. मग विचारलं, लग्न नात्यातलं आहे का? वन्सं म्हणाल्या, हो, माझ्या भावाची मुलगी, पण त्याचा इथे काही संबंध नाही. डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. गंधालीचं, राजेशचं, अक्षताचं रक्त घेतलं. तेव्हा वन्संनीच आग्रह धरला की दोन्ही आज्यांचंही घ्या, म्हणजे एकदाचं कळेल कुठून आलं ते. माझ्याआधी त्यांनी बाही वर सारली. सुई टोचताना माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा.

निकाल दिवाळीनंतर आला. पुन्हा आम्ही सगळे त्याच खोलीत. गंधाली अक्षताच्या खांद्यावर.

डॉक्टरबाईंनी आधी तेच सांगितलं जे वन्सं सांगत होत्या. तंतुकणिका आईकडून येतात, खरं आहे. त्यांच्याजवळ स्वतःच्या अशा थोड्या सूचनाही असतात. पण थोड्याच. तंतुकणिका चालायला जी प्रथिनं लागतात, त्यांतली शंभरातली नव्व्याण्णव तरी केंद्रकातल्या सूचनांवरून बनतात. बाहेर पेशीद्रव्यात रायबोझोमवर तयार होतात आणि मग तंतुकणिकेच्या आत नेली जातात. मला ते घरच्या भाषेत असं समजलं की शेगडी माहेरची असली, तरी बर्नर, पाईप, रेग्युलेटर, सगळं केंद्रकाने पुरवायचं. आणि केंद्रक अर्धं आईचं, अर्धं बापाचं. गंधालीची शेगडी पेटत नाही ती तिच्या पुरवठ्यातला एक भाग बिघडलाय म्हणून.

अशा प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, डॉक्टरबाई सांगत होत्या. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. गंधालीला दोन्ही बिघडलेल्या आल्या. एक राजेशकडून, एक अक्षताकडून. आणि दोन्हींत चूक अगदी तीच, तिथेच. इतकी तंतोतंत सारखी चूक दोन्ही बाजूंनी येते ती बहुतेक वेळा एकाच पूर्वजाकडून आलेली असते.

मग त्यांनी आमची नावं घेतली. म्हणाल्या, कुंदाताईंच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत, म्हणजे अक्षताला बिघडलेली प्रत तिच्या वडिलांकडून आली. आणि रत्नप्रभाताई, तुमची एक प्रत बिघडलेली आहे. राजेशला तुमच्याकडून आली. तुम्ही आणि तुमचा भाऊ, दोघांना ती तुमच्या आईवडिलांपैकी एकाकडून मिळाली असणार.

वन्संच्या माहेरून. ज्या ओळखीच्या रक्तासाठी माझी पोर नेली, त्या रक्तातून.

डॉक्टरबाईंनी पुढचंही सांगितलं, आणि ते ऐकताना माझा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. यावर आज औषध नाही. काही जीवनसत्त्वं देऊन बघू. तिला उपाशी ठेवायचं नाही, थोडं थोडं पण वेळच्या वेळी भरवायचं. ताप आला तर एक मिनिट थांबायचं नाही. पुढचं मूल हवं असेल तर चारात एकाला हे होऊ शकतं, पण आधी तपासता येतं. आणि शेवटी म्हणाल्या की ह्याला कुणाचा दोष म्हणू नका. अशा दोन-चार चुका आपल्या प्रत्येकाच्या अंगात असतात. कुणी मागून घेत नाही, कुणी मुद्दाम देत नाही. अक्षता तेव्हा पहिल्यांदा रडली. इतके महिने आतल्या आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं.

आम्ही बाहेर पॅसेजमध्ये आलो. वन्संनी चष्मा पुसला, पदर सारखा केला. आणि माझ्याकडे वळून अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस ना कुंदा, डॉक्टर काय म्हणाल्या ते? कुणाचाच दोष नाही यात. देवाची मर्जी."

मला वाटलं, आता मी हिला फाडून खाणार. माझ्या दारात होता तोवर तो दोष होता, आनुवंशिक होता, घाटकोपरचा होता, रांगोळी काढून दाखवण्यासारखा होता. त्यांच्या दारात गेल्याबरोबर देवाची मर्जी झाला? मला तोंडावर सुनावायचं होतं, की चला आता चारकोपला, बोलवा त्या सगळ्या माणसांना, काढा पेशी, आणि ह्या वेळी बोट केंद्रकावर ठेवा. शब्द ओठांवर आले होते. पण वन्सं तेवढ्यात अक्षताकडे वळल्या होत्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आवाज मऊ केला. म्हणाल्या, झालं गेलं विसरून जा बाळा, आजच बॅग भर, आपल्या घरी चल. राजेशही पुढे झाला, गंधालीला घ्यायला हात पसरले. आता त्याला विज्ञानाची परवानगी मिळाली होती.

अक्षताने पोरीला दिलं नाही. दुसऱ्या खांद्यावर घेतलं. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"आत्या, आज दोष माझ्या आईचा निघाला असता, तरी मला घरी चल म्हणाली असतीस का?"

आयुष्यभर त्या बाईने वर्गात एका पोराचा प्रश्न टाळला नाही. मला येत नाही, उद्या बघून सांगते, असं म्हणणाऱ्या बाई होत्या त्या, म्हणून तर पोरं त्यांना मानायची. माझा नवरा त्यांना मानायचा. त्या दिवशी त्या नुसत्या फरशीकडे बघत राहिल्या. मी वाट बघितली. खोटं का होईना, हो म्हणतील असं वाटलं होतं. अक्षताही थांबली होती, माझ्यापेक्षा जास्त तिलाच ते ऐकायचं होतं.

मग तिने राजेशकडे बघितलं. त्यालाही तोच प्रश्न होता. तो आईच्या तोंडाकडे बघत होता.

गंधालीची खायची वेळ टळून चालली होती. अक्षता म्हणाली, "चल आई," आणि आम्ही रिक्षा पकडायला खाली उतरलो.